ल्युपस, सव्विसावा आठवडा आणि दम : हा दम बाळाचा की आजाराचा?

झुळूक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मला सात वर्षांपासून ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. मुख्यतः सांधे आणि त्वचा. एकदा मूत्रपिंडापर्यंत गेला होता, तो आटोक्यात आला. मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टरांनी मायकोफेनोलेट थांबवून ॲझाथायोप्रिन दिलं, आजार शांत आहे याची सहा महिने खात्री करून घेतली आणि मगच हो म्हणाले. आता सव्विसावा आठवडा चालू आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ॲझाथायोप्रिन, 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी, एवढी औषधं आहेत.

गेले दोन आठवडे दम लागतोय. एक जिना चढला की कठड्याला धरून उभी राहते. फोनवर बोलताना वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतो. ज्याला सांगावं तो म्हणतो, "अगं, या दिवसांत लागतोच." ताप नाही, खोकला नाही, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 97 दाखवतो. बाळ उत्तम हलतंय. डाव्या बरगडीखालचा कोपरा त्याने पटकावलाय, तिथे सारखं टोचतं, त्यामुळे त्या कुशीवर झोपता येत नाही, एवढीच तक्रार.

परवा गूगलवर 'ल्युपस गरोदरपण फुप्फुस' असं टाकलं आणि जे वाचलं त्यानंतर दोन रात्री डोळा लागलेला नाही. पुढची तपासणी नऊ दिवसांनी आहे. नेहमीचा दम कुठे संपतो आणि काळजीचा कुठे सुरू होतो, हे कुणी अनुभवातून सांगेल का?

मधली_सुट्टी
मला ल्युपस वगैरे काही नाही, पण दोन्ही वेळा पाचव्या महिन्यापासून असाच दम लागायचा. जिना म्हणजे गड चढल्यासारखं. बाळ झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गायब. फार विचार करू नकोस गं.

रातराणी
गूगल बंद कर आणि फोन उचल. नऊ दिवस कशाला थांबायचं?

काळा_कावळा
97 मोजताना नखांना गडद रंग नव्हता ना? आमच्या घरी एकदा निळ्या नखांवर 84 आला होता. सगळे रुग्णालयात निघाले, गाडीत रंग पुसला तर 98.

झुळूक
@काळा_कावळा, नखं कोरी आहेत हो. दहाही बोटं तपासून झालीत :)
@रातराणी, फोन केला होता. डॉक्टर मिळाले नाहीत. ज्यांनी उचलला त्या म्हणाल्या, "ऑक्सिजन चांगला आहे ना, मग ठरलेल्या तारखेलाच या."

स्टेथो
मी छातीचे विकार बघणारा डॉक्टर आहे. इथे बसून कुणाचं निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण प्रश्न फार योग्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निरोगी गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना कधी ना कधी दम लागल्यासारखं वाटतं. कारण वाढलेलं पोट, असं सगळ्यांना वाटतं. पण बऱ्याच जणींना हा त्रास पोट दिसायच्याही आधी सुरू होतो! खरं कारण प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चुचकारतं आणि प्रत्येक श्वास खोल होतो. एका श्वासातली हवा 30 ते 50 टक्क्यांनी वाढते. दर मिनिटाचे श्वास मात्र जवळपास तेवढेच राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवी 40 च्या आसपास असतो, तो 30 पर्यंत उतरतो. श्वासपटल शेवटी शेवटी सुमारे चार सेंटिमीटर वर सरकतं, पण त्याच वेळी बरगड्यांचा पिंजरा रुंदावतो. त्यामुळे पूर्ण श्वास भरून फुंकर मारल्यावर जेवढी हवा बाहेर पडते, म्हणजे एफव्हीसी, ती गरोदरपणात कमी होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. फुंकर घटली असेल तर ते 'या दिवसांत होतंच' या खात्यात जात नाही.

नेहमीचा दम हळूहळू येतो. बसलं की तो ओसरतो आणि रोजची कामं थांबवत नाही. बसल्या जागी लागणारा, आडवं झाल्यावर वाढणारा, एकाएकी आलेला, छातीत दुखण्याबरोबर किंवा धडधडीबरोबर आलेला, एक पाय सुजलेला असताना आलेला दम वेगळा. त्याला तारीख बघून जायचं नसतं.

ऑक्सिजन 97 ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्याने सुटका होत नाही. जोरजोरात श्वास घेऊन शरीर तो आकडा बराच काळ टिकवून धरतं. बसून मोजता तसा दोन-तीन मिनिटं चालूनही मोजा.

आणि झुळूक, फोनवर वाक्य तोडावं लागतं हे मला आवडलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करा आणि 'मला ल्युपस आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.

तिरकस
माफ करा, पण गरोदरपणात चार-चार औषधं? आधी त्या गोळ्या बंद करून बघा ना. निम्मे त्रास औषधांचेच असतात. डॉक्टर मंडळी चिडतील, पण खरं आहे ते आहे.

रातराणी
@तिरकस, मी नेमकं हेच केलं होतं. सहाव्या आठवड्यात कुणीतरी शहाण्याने सांगितलं, "पोटात बाळ असताना मलेरियाची गोळी कशाला?" आणि मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोडलं. अठराव्या आठवड्यापर्यंत सांधे धरले, लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि 5 मिलिग्रॅमवर भागत होतं तिथे 40 मिलिग्रॅम स्टेरॉइड घ्यावं लागलं. कमी औषधं घ्यायला गेले आणि आठपट घेऊन बसले. लेक ठणठणीत आहे, पण ते महिने मी विसरणार नाही.

स्टेथो
@तिरकस, चिडलो नाही, पण हे कुणी वाचून अमलात आणू नये म्हणून लिहितो. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणभर चालू ठेवतात, ते थांबवल्याने आजार उसळायची शक्यता वाढते. ॲझाथायोप्रिनही चालतं. प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग वार (बाळाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणारा अवयव) निष्क्रिय करून टाकते, बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोचतो. जी चालत नाहीत ती वेगळी : मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड. त्यांची आधीच बदली करावी लागते आणि झुळूक यांच्या डॉक्टरांनी ती केलेली दिसते.

पाऊसवेडी
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. घाबरवायचं नाहीये. पण 'या दिवसांत लागतोच' या वाक्याने माझे तीन महिने खाल्ले, म्हणून लिहिते.

मलाही ल्युपस. दुसऱ्या खेपेला बाविसाव्या आठवड्यात खोल श्वास अडायला लागला. म्हणजे आत हवा येतेय, येतेय आणि मध्येच कुणीतरी दार लावून घेतंय असं. जांभईसुद्धा पूर्ण होत नव्हती. अर्धी जांभई ही काय चीज असते, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही! सोबत छातीच्या दोन्ही बाजूंना दुखायचं. कुणी म्हणालं बाळ वर आहे, कुणी म्हणालं मनाची भीती आहे. शेवटी एक्स-रे काढला. त्यावर शेरा : 'रुग्णाने पुरेसा श्वास घेतलेला नाही, पुन्हा काढावा.' पुन्हा काढला, पुन्हा तोच शेरा. अहो, घेता येत नव्हता म्हणून तर आले होते!

फुंकर मारायची चाचणी झाली तेव्हा अपेक्षित हवेच्या 48 टक्केच बाहेर आली. माझा नशिबाने आधीच्या वर्षीचा कागद फायलीत होता, त्यावर 81. त्या दोन कागदांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसं स्वच्छ, गुठळी नाही, पाणी नाही. सोनोग्राफीत मात्र श्वासपटल जेमतेम हलत होतं. याला 'श्रिंकिंग लंग' म्हणतात असं मला सांगितलं. फुप्फुस आक्रसतं. 1965 साली हॉफब्रँड आणि बेक या दोन डॉक्टरांनी पहिल्यांदा वर्णन केलं. ल्युपसच्या शंभर जणांत एखाद्यालाच होतो, तोही क्वचित. त्यातून गरोदरपणात, म्हणजे डॉक्टरांचे विद्यार्थी मला बघायला रांगेत यायचे.

स्टेरॉइड वाढवलं, ॲझाथायोप्रिन वाढवलं, श्वासाचे व्यायाम सुरू केले. आठवड्याभरात दुखणं गेलं. फुंकर मात्र सावकाश वाढली. बाळ सदतिसाव्या आठवड्यात झालं, रडण्यात आईपेक्षा दमदार. नंतर रिटुक्सिमॅब घेतलं आणि वर्षाने 70 टक्क्यांपर्यंत आले. 81 अजून नाही. जांभया मात्र पूर्ण होतात.

आजीचा_चष्मा
@पाऊसवेडी, अर्धी जांभई! चाळीस वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका होते, पण हे लक्षण इतक्या नेमकेपणाने कुणी सांगितलं नव्हतं.

काळा_कावळा
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण फुप्फुस की फुफ्फुस?

निवांत_पाटी
फुप्फुस. पहिला 'प' अर्धा. संस्कृतात तसंच आहे.

मधली_सुट्टी
आमच्या शाळेच्या पुस्तकात फुफ्फुस होतं बाबा.

निवांत_पाटी
दोन्ही रूढ आहेत. पण दोन 'फ' सलग म्हणायला जास्त हवा लागते. ल्युपसच्या लोकांनी एका 'प'वर भागवावं.

पाऊसवेडी
:D :D मी 48 टक्क्यांवर असताना दोन्ही म्हणून बघायला हवं होतं.

निमित्तमात्र
मी या आजाराच्या पलीकडच्या बाजूचा माणूस. आजार बायकोला होता. आठ वर्षं झाली. हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

अठ्ठाविसावा आठवडा. तिला दोन दिवस थोडा खोकला, बारीक ताप. दवाखान्यात न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविकं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरीफटक दिसायला लागली. मी तिच्या बहिणीला म्हटलं, "ही अशी का दिसतेय?" बहिणीने दोन दिवसांचे रक्ताचे कागद शेजारी शेजारी धरले. हिमोग्लोबिन 10.2 वरून 7.4. रक्त गेलं कुठे? खोकल्यातून एक थेंबही आलेला नव्हता. लघवी-शौचातून नाही. बाळाभोवती नाही, सोनोग्राफीत बघितलं.

रक्त फुप्फुसात होतं. तिथल्या बारीक वायुकोशांत झिरपत होतं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून थोडं थोडं पाणी आत सोडून परत ओढलं. पहिल्या वेळेला गुलाबी, दुसऱ्या वेळेला लाल, तिसऱ्या वेळेला गडद लाल. असं वाढत जाणं हीच खूण, असं नंतर कळलं. तोवर ती व्हेंटिलेटरवर होती. रोज एक ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन, तीन दिवस. रक्तातला द्रव बदलण्याचे पाच फेरे. पाचव्या दिवशी बाळाला बाहेर काढायचं ठरलं. 1,150 ग्रॅम. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत. बाळ झाल्यावर सायक्लोफॉस्फमाइड दिलं, आधी द्यायचं टाळलं होतं.

ती वाचली. मुलगा तिसरीत आहे. सुदैव होतं, आणि सुदैव म्हणजे ती दोन कागदं शेजारी धरणारी बाई. ती ना छातीची तज्ज्ञ होती ना ल्युपसची. नुसती कागद नीट बघणारी होती.

मधली_सुट्टी
वाचून सुन्न झाले. पण निमित्तमात्र, गैरसमज नको, झुळूक आधीच घाबरलेली आहे. तिला हे आत्ता सांगणं बरोबर आहे का?

निमित्तमात्र
मलाही हाच प्रश्न पडला होता. दोनदा लिहून पुसलं. पण आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं की रक्त न ओकताही रक्तस्राव होतो, तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "हिमोग्लोबिन पुन्हा बघता का?" एवढाच उपयोग. बाकी हा प्रकार फारच दुर्मीळ, हे झुळूक यांनी डोक्यात पक्कं ठेवावं.

झुळूक
@निमित्तमात्र, लिहिलंत ते बरं झालं. नाव माहीत असलेल्या भुताची भीती कमी वाटते. माझं हिमोग्लोबिन मागच्या आठवड्यात 10.6 होतं, त्याआधी 10.8.

तिरकस
औषधांवर माझा मुद्दा मागे घेतो, रातराणींचा अनुभव वाचला. पण एक्स-रे आणि स्कॅन? पोटात बाळ असताना किरणोत्सर्ग? याला तरी कुणी समर्थन देऊ नये.

स्टेथो
देतो. छातीच्या एका एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग 0.01 मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) कमी असतो. गुठळी शोधायचा छातीचा सीटी स्कॅन केला तरी तो 1 मिलिग्रेच्या आतच राहतो. ज्या पातळीखाली गर्भाला इजा होत असल्याचं आढळलेलं नाही ती पातळी 50 मिलिग्रे आहे. नऊ महिन्यांत जमिनीतून, आकाशातून जो नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो तोही 0.5 ते 1 मिलिग्रे भरतो. विनाकारण काढू नये, हे सगळ्याच माणसांना लागू आहे. पण कारण असताना 'गरोदर आहे' म्हणून टाळणं हा मोठा धोका. मी अशा रुग्ण बघितल्यात ज्यांची तपासणी याच भीतीपायी लांबली, आणि लांबवणारे नातेवाईकच होते असं नाही, आमचेच व्यवसायबंधूही होते.

काळा_कावळा
@तिरकस, अजून काही मुद्दा शिल्लक आहे की सगळे मागे घेतले?

तिरकस
नावाला जागतोय हो फक्त.

निवांत_पाटी
शब्दांवर गाडी आलीच आहे तर : दम लागणे, धाप लागणे, श्वास कोंडणे, श्वास न पुरणे, जीव घाबरणे. डॉक्टरांसाठी हे सगळे एकच की वेगवेगळे? आमच्या एका काकूंनी डॉक्टरांना "मला ऊर्ध्व लागलाय" असं सांगितलं होतं. डॉक्टर खुर्चीतून उडाले. काकूंना फक्त जिना चढून दम लागला होता.

स्टेथो
हा हा! ऊर्ध्व लागलेला माणूस हे वाक्य बोलू शकत नाही, एवढं निदान मी इथूनही करतो.

पण प्रश्न गमतीचा नाही. 'श्वास पुरत नाही, आणखी हवा हवी वाटते' हे गरोदरपणातल्या नेहमीच्या दमाचं वर्णन असतं. 'आत घ्यायला जातो आणि अडतो' म्हटलं की मी फुप्फुसाच्या आवरणाकडे, स्नायूंकडे, श्वासपटलाकडे बघतो. 'झोपलं की गुदमरतं' म्हटलं की हृदयाकडे. पाऊसवेडींची अर्धी जांभई मी आता प्रत्येक रुग्णाला विचारणार आहे.

दमसास
या धाग्यावर एक रिकामी खुर्ची आहे, तिथे बसते.

मला स्क्लेरोडर्मा आहे, ल्युपसच्याच जातकुळीतला, त्वचा आणि आतले अवयव ताठ करणारा आजार. त्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलाय. मला सांगितलं, मूल नको. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्के वाढतं, ते ताठ झालेल्या वाहिन्यांतून ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या बाजूवर येतं आणि ती थकते. बाळंतपणाच्या वेळी आणि नंतरच्या काही दिवसांत धोका सगळ्यात जास्त. आजच्या औषधांनीही या अवस्थेत मातेच्या मृत्यूचं प्रमाण दोन आकडी टक्क्यांत आहे. शिवाय मी घेते ते बोसेंटन गर्भाला विकृती आणू शकतं, त्यामुळे गर्भनिरोधनाची हमी दिल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत.

मी एक वर्ष त्या डॉक्टरांवर रागावले होते. आता नाही. पण 'तिला झालं, तुलाही होईल, धीर धर' असं कुणी म्हटलं की अजून चिडते. सगळे आजार एका नावाखाली असले तरी एका मापाचे नसतात. मूल ठरवण्याआधी हृदयाची सोनोग्राफी आणि फुंकरीची चाचणी करून घ्या, एवढंच सांगायला आले होते.

रातराणी
@दमसास, खुर्ची रिकामी नाही आता. बसा.

आजीचा_चष्मा
मी मगाशी सगळा धागा पहिल्यापासून वाचला आणि एका ओळीवर अडकले. झुळूक, तू लिहिलंयस, डाव्या बरगडीखाली टोचतं आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. ते तू बाळाच्या नावावर टाकलंस.

तीन गोष्टी बघ. बाळ झोपलेलं असताना टोचतं का? खोल श्वास घेतल्यावर, खोकल्यावर, हसल्यावर तिथेच टोचतं का? आणि श्वास रोखून धरला तर थांबतं का?

बाळाची लाथ श्वासागणिक लागत नाही गं.

झुळूक
आत्ता करून बघितलं. बाळ शांत आहे. श्वास घेतला की टोचतं, अगदी एका बोटाच्या जागेवर. रोखला की थांबतं. काळा_कावळ्याच्या निळ्या नखांवर हसले होते तेव्हाही टोचलं होतं, आता आठवलं.

आजी, मला हे दहा दिवस कळलंच नाही.

आजीचा_चष्मा
मी आजी नाही, चष्मा आजीचा आहे. ते नंतर बघू. आधी ऊठ.

स्टेथो
झुळूक, आज. उद्या नाही. ज्या रुग्णालयात प्रसूती आणि फिजिशियन दोन्ही आहेत तिथे थेट तातडीच्या विभागात जा. एका बाजूला, श्वासाबरोबर टोचणारं दुखणं आणि वाढता दम म्हणजे फुप्फुसातली रक्ताची गुठळी नाही ना, हे सगळ्यात आधी बघतात. गरोदरपणात गुठळीची शक्यता तशीच वाढलेली असते, ल्युपसमध्ये आणखी. अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांचे (यांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते) जुने अहवाल असतील तर सोबत न्या. 'दम लागतो' एवढंच सांगू नका, 'श्वास घेतला की टोचतं' असं सांगा. एकटीने गाडी चालवत जाऊ नका.

झुळूक
निघालो.

पाऊसवेडी
जुन्या फुंकरीचा कागद असेल तर तोही घे!

मधली_सुट्टी
काही कळलं का कुणाला?

तिरकस
तिसरा दिवस. मी रोज तीनदा हा धागा उघडतोय.

काळा_कावळा
मीही. निळ्या नखांचा विनोद परत घ्यायचा होता, पण त्यानेच निदानाला मदत झाली म्हणतात तर राहू द्या.

झुळूक
आले, आले. माफ करा, दवाखान्यात फोन हातात धरवत नव्हता.

गुठळी नाही. आधी पायांची सोनोग्राफी झाली, मग एक्स-रे, मग स्कॅन. डी-डायमर नावाची रक्ततपासणी केली नाही, गरोदरपणात ती तशीही वाढलेलीच असते म्हणाले. तिरकस, स्कॅनच्या टेबलावर तुमची आठवण झाली आणि लगेच स्टेथोंचे आकडे आठवले. माझ्या फुप्फुसाच्या डाव्या आवरणाला सूज आहे आणि तळाशी थोडं पाणी साठलंय. हृदयाभोवतीही अगदी पातळ थर. म्हणजे ल्युपस जागा झालाय. त्या अर्थाने दुर्मीळ काही नाही, ल्युपसमध्ये फुप्फुसाचं आवरण सुजणं नेहमीचंच, असं डॉक्टर म्हणाले. मला नेहमीचंच असण्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

एक गोष्ट नवीन कळली, ती इतर ल्युपसवाल्यांसाठी लिहिते. रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं आजार उसळला की घटतात. माझी मागच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या मर्यादेत होती, म्हणून सगळ्यांनी ठीक म्हटलं होतं. पण गरोदरपणात ती एरवी वाढतात. म्हणजे 'ठीक' दिसणारा आकडा माझ्यासाठी खरं तर खाली घसरलेला होता. पहिल्या महिन्यातला अहवाल शेजारी धरला तेव्हा दिसलं. निमित्तमात्र, तुमचे दोन कागद!

प्रेडनिसोलोन सध्या 30, हळूहळू उतरवणार. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांना नाही म्हणाले, विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना आणि भोवतीच्या पाण्याला बाधू शकतात. साखर आणि रक्तदाब आता जास्त वेळा मोजायचे. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकणारी अँटी-आरओ प्रतिपिंडं माझ्यात आहेत हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे ते ठोके सोळाव्या आठवड्यापासूनच बघत होते. ते छान आहेत.

फुंकर 76 टक्के. तुलनेला जुना कागद नाही. काढलाच नव्हता कधी.

पाऊसवेडी
आता हा तुझा जुना कागद. जपून ठेव.

दमसास
खूप बरं वाटलं वाचून. खरंच.

रातराणी
बाळ झाल्यावर गाफील राहू नकोस. माझा दुसरा झटका बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात आला होता. तेव्हा सगळे बाळाकडे बघत असतात आणि आईची धाप जागरणाच्या खात्यात जाते. स्टेथो, 30 वर असताना अंगावर पाजता येतं ना? मला दोघांनी दोन सांगितलं होतं.

स्टेथो
येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरही येतं. प्रेडनिसोलोनचा डोस 20 च्या वर असेल तर गोळीनंतर सुमारे चार तासांचं दूध पाजू नये एवढंच सांगतात. तोवर झुळूक यांचा डोस उतरलेलाही असेल.

नवी_वही
इथे नवीन आहे. मला शोग्रेन आहे (ल्युपसच्याच जातकुळीतला, डोळे-तोंड कोरडे पाडणारा आजार), अकरावा आठवडा. दम वगैरे काही नाही, पण वाचून वाटलं की फुंकरीची चाचणी आत्ताच करून ठेवावी. चालते का या दिवसांत?

स्टेथो
चालते. तक्रार नसताना केलेली सगळ्यात उपयोगी.

तिरकस
@झुळूक, दुखणं कसं आहे आता? आणि चष्म्याला आजी म्हणायचं की नाही, ते एकदा ठरवा.

आजीचा_चष्मा
झुळूकने म्हटलं तर चालेल. बाकीच्यांनी चष्माच म्हणा.

झुळूक
आजी, काल रात्री डाव्या कुशीवर झोपले. पहाटे त्याच कोपऱ्यात खरीखुरी लाथ बसली. आधी श्वास रोखून बघितला. तरीही आणखी एक बसली. मग झोपले पुन्हा.